नलिनी मलानी : मंटोची गोष्ट आणि पाहणाऱ्याची सावली

सआदत हसन मंटो मराठी वाचकाला परका नाही. 'टोबा टेक सिंग', 'खोल दो', 'ठंडा गोश्त' या कथा अनुवादांतून आणि अभिवाचनांतून आपल्यापर्यंत कधीच पोचल्या आहेत. फैज अहमद फैज यांच्याविषयी तर वेगळे सांगायलाच नको. पण मुंबईत वाढलेल्या एका चित्रकर्तीने मंटोची गोष्ट संग्रहालयाच्या दालनात भिंतींवर, जमिनीवर आणि पत्र्याच्या ट्रंकांत मांडली, फैज यांच्या एका कवितेवरून नाव घेऊन सहा पडद्यांचे छायानाट्य उभे केले, याची दखल आपल्या साहित्यव्यवहाराने फारशी घेतलेली नाही. चित्रकलेशी आपला संबंध पुष्कळदा मुखपृष्ठापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. नलिनी मलानी यांच्या कामाकडे साहित्याच्या वाचकाने वळून पाहावे, ते काम मोठे आहे म्हणून पाहावेच, पण त्यात आपल्याला बोचतील असे प्रश्न आहेत म्हणूनही पाहावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

मलानी यांना 'मल्टिमीडिया' कलावंत म्हटले जाते. शब्द मोठा आहे. त्याचा अर्थ साधा आहे. त्या चित्र काढतात, पण चित्र चौकटीत राहत नाही. ते पारदर्शक पत्र्यावर येते, पत्रा फिरू लागतो, त्यावर प्रकाश पडतो, भिंतीवर सावल्या हलू लागतात, त्यांत चित्रफीत मिसळते, कोणाचा तरी आवाज ऐकू येतो. प्रेक्षक या सगळ्याच्या मध्ये उभा असतो. अशा मांडणीला मराठीत 'मांडणशिल्प' म्हणतात. तिच्याभोवती फिरता येते, तिच्यात शिरता येते. आणि एकदा शिरल्यावर आपण बाहेरचे राहत नाही. मलानी यांच्या साऱ्या कामाचे सूत्र माझ्या मते हेच आहे. दुसऱ्याच्या वेदनेकडे पाहणाऱ्याला निवांत पाहत बसू द्यायचे नाही.

कराची, कलकत्ता, मुंबई

नलिनी मलानी यांचा जन्म १९४६ साली कराचीचा. म्हणजे देश दुभंगला तेव्हा त्या जेमतेम दीड वर्षांच्या होत्या. कुटुंब सिंध सोडून आधी कलकत्त्याला आले आणि १९५४ मध्ये मुंबईला. वडील टाटांच्या विमान कंपनीत, म्हणजे पुढच्या एअर इंडियात नोकरीला होते. मुंबईत विस्थापित सिंधी कुटुंबांसाठी बांधलेल्या वसाहतीत त्यांचे बालपण गेले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीतून उभे राहिलेले उल्हासनगर मराठी वाचकाला ठाऊक आहे. निर्वासित या शब्दाचा अर्थ महाराष्ट्राला बऱ्याच अंशी सिंधी माणसाने शिकवला. भाषा आहे पण प्रांत नाही, अशी स्थिती त्याच्या वाट्याला आली.

दीड वर्षाच्या मुलीला फाळणी आठवणे शक्य नाही. तिला आठवतात ती मोठ्यांची बोलणी, मागे राहिलेल्या घराच्या गोष्टी, मध्येच थांबलेली वाक्ये. पुढच्या पिढीकडे आलेली ही आठवण कोणत्या दिशेने जाईल, हे सांगता येत नाही. तिच्यातून द्वेष निर्माण होऊ शकतो. आपल्या देशाच्या राजकारणाने असा द्वेष पुरेपूर वापरून घेतला आहे. तिच्यातून दुसऱ्याच्या दुःखाची ओळखही पटू शकते. मलानी यांनी दुसरी वाट धरली. ही वाट त्यांनी भाबडेपणाने धरली नाही. त्यासाठी त्या इतिहासाकडे आणि साहित्याकडे गेल्या. ज्या भाषेला फाळणीनंतर 'त्यांची' भाषा ठरवून टाकण्यात आले, त्या उर्दूतल्या लेखकांकडे त्या गेल्या, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

सर जे. जे. कलाशाळेतून त्यांनी १९६९ मध्ये पदविका घेतली. याच काळात मुंबईच्या भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना काम करायला जागा मिळाली. गायतोंडे, हुसेन यांच्यासारखे चित्रकार, अल्काझींसारखे रंगकर्मी, संगीतकार, नर्तक असे सगळे तिथे एका छपराखाली वावरत असत. चित्रकाराने चित्रच काढायचे आणि नटाने नाटकच करायचे, ही भिंत तिथे नव्हती. पुढे मलानी यांनी ज्या सहजतेने नाटक, साहित्य आणि चित्रफीत एकत्र आणली, तिचे मूळ इथे शोधावे लागेल. १९७० ते १९७२ ही दोन वर्षे फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर त्या पॅरिसमध्ये होत्या. नंतर त्या मुंबईला परतल्या.

चौकटीच्या बाहेर

भारतीय कलेत व्हिडिओ आणि मांडणशिल्प १९९०नंतर आले, उदारीकरणाबरोबर परदेशातून आले, असा एक समज आहे. मलानी यांच्यापुरता तरी तो खरा नाही. ज्येष्ठ चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये आपल्या नेहरू शिष्यवृत्तीच्या पैशांतून मुंबईत 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' सुरू केले. चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपट करणारे एकत्र यावेत, कॅमेरा हाताळावा, ही कल्पना. विशी-बाविशीच्या मलानी यांनी तिथे लघुपट केले. त्यांपैकी 'ड्रीम हाउसेस' या रंगीत चित्रफितीत नव्या नगराचे, नव्या घरांचे स्वप्न आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पिढीने पाहिलेले स्वप्न. काही वर्षांनी त्यांनी तिच्या शेजारी दुसरी, कृष्णधवल चित्रफीत ठेवली. तीत एक तरुणी खिडकीतून मुंबईकडे पाहते आहे. एका पडद्यावर स्वप्नातली घरे, दुसऱ्यावर प्रत्यक्षातले शहर. या जोडकामाला त्यांनी 'युटोपिया' हे नाव दिले. काळ १९६९ ते १९७६. या दोन पडद्यांमधल्या फटीत काय हरवले, हे त्या सांगत नाहीत. पाहणाऱ्याने ते स्वतः भरून काढायचे.

त्यानंतर बरीच वर्षे मलानी मुख्यतः रंगचित्रे करीत होत्या. दक्षिण मुंबईतल्या लोहार चाळीच्या गजबजाटात त्यांचा स्टुडिओ होता. तिथले हमाल, फेरीवाले, रस्त्यावर झोपणारी माणसे त्यांच्या चित्रांत आली. स्त्री चित्रकारांना एकत्र आणण्याची खटपटही त्यांनी केली. अर्पिता सिंग, माधवी पारेख आणि नीलिमा शेख यांच्यासह १९८७ ते १९८९ या काळात भरवलेली 'थ्रू द लुकिंग ग्लास' ही प्रदर्शनमालिका त्यातूनच घडली. चित्रकार स्त्री म्हणजे हौसेने रंगवणारी बाई, असे मानण्याच्या काळात ही गोष्ट सोपी नव्हती.

१९९२ मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये 'सिटी ऑफ डिझायर्स' हे प्रदर्शन झाले. मलानी यांनी गॅलरीच्या भिंतींवरच चित्रे काढली. विकत घेण्यासारखे त्यात काही नव्हते. प्रदर्शन संपले आणि भिंतींना पांढरा रंग फासला गेला; चित्रे गेली. नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रे हेळसांडीने नष्ट होत होती, त्याचा हा निषेध होता. शहरातल्या रस्त्यांवरून पुसली जाणारी माणसेही त्या भिंतीवर होती. एखादी गोष्ट पुसली जाताना आपण काय करतो, हा प्रश्न त्यांच्या कामात इथे उघडपणे आला. पुढे तो कधीच सुटला नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस, ६ डिसेंबर १९९२ रोजी, बाबरी मशीद पाडली गेली. डिसेंबर आणि जानेवारीत मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार या दंगलींत ९०० माणसे मारली गेली. या शहरातल्या अनेक कलावंतांना तेव्हा चौकटीतले चित्र अपुरे वाटू लागले. विवान सुंदरम यांचे 'मेमोरियल' १९९३चे, नवज्योत अल्ताफ यांचे 'लिंक्स डिस्ट्रॉइड अँड रीडिस्कव्हर्ड' १९९४चे, रूमाना हुसेन यांचे 'होम/नेशन' १९९६चे. मलानी यांनी १९९३ मध्ये मॅक्स म्युलर भवनात अभिनेत्री अलकनंदा समर्थ यांच्यासह जर्मन नाटककार हाइनर म्युलर यांच्या संहितेवर 'मिडिया' उभे केले. आपला देश आणि भाऊ सोडून परक्या पुरुषामागे आलेली, त्याने टाकून दिलेली आणि मग आपल्याच मुलांचा जीव घेणारी ही ग्रीक स्त्री. तिचे परकेपण मलानी यांना जवळचे वाटले. चित्र, नट आणि चित्रफीत यांना एकाच जागेत आणण्याचा मार्ग इथे पक्का झाला.

टोबा टेक सिंग, १९९९

मे १९९८ मध्ये भारताने पोखरणला अणुचाचण्या केल्या. त्याच महिन्यात पाकिस्तानने चगाईला तेच केले. दोन्हीकडे मिठाई वाटली गेली. अशा वेळी मलानी यांना मंटोच्या वेड्यांची आठवण झाली. 'रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग' हे मांडणशिल्प या चाचण्यांना दिलेले उत्तर आहे. १९९९ मध्ये ते मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, मांडले गेले.

ही जागा महत्त्वाची आहे. कलादालनात ठरावीक माणसे जातात. म्युझियममध्ये शाळेच्या सहली येतात, गावाहून आलेली कुटुंबे येतात, मूर्ती आणि तलवारी पाहता पाहता ती एखाद्या अंधाऱ्या दालनात शिरतात. तिथे त्यांना काय दिसले? समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया. त्या एक साडी घडी करू पाहताहेत. साडीची घडी दोघींनी मिळून घालायची असते. दोन टोके धरायची, पुढे यायचे, टोकाला टोक जुळवायचे. आपल्या घरांतून रोज होणारी ही गोष्ट. पण इथे दोघींच्या मध्ये संपूर्ण दालन आहे. टोके जुळत नाहीत. त्यांच्या मधल्या भिंतीवर अणुस्फोट होत राहतात. खाली चकचकीत जमीन, तिच्यात स्फोटाचे प्रतिबिंब. जमिनीवर बारा पत्र्याच्या ट्रंका, त्यांत गोधड्या, गोधड्यांत दूरचित्रवाणीचे संच, आणि त्या संचांवर घरदार सोडून निघालेल्या माणसांची जुनी-नवी दृश्ये. कानावर मंटोचे शब्द.

ट्रंक हे निर्वासिताचे घर असते. घाईघाईत जेवढे मावेल तेवढे घ्यायचे, ओढत न्यायचे. मलानी यांनी ती उघडली आणि दाखवले की तिच्यात कपडे नाहीत, इतिहास आहे; आणि तो अजून चालू आहे. प्रेक्षक त्या ट्रंकांमधून वाट काढतो तेव्हा जमिनीतल्या स्फोटाच्या प्रतिबिंबावर त्याचाच पाय पडतो. दोन देशांच्या मधल्या ज्या तुकड्यावर मंटोचा बिशनसिंग कोसळला, त्या तुकड्यावर आपल्याला आणून उभे केले आहे, हे कोणी समजावून न सांगताही कळते. कथेतला आशय जागेत उतरवणे म्हणजे काय, याचे इतके नेमके उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

तरीही साहित्याच्या वाचकाने इथे थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. मंटोची कथा हसवते. वेड्यांची अदलाबदल ठरते, कोणी वेडा झाडावर चढून बसतो आणि मला हिंदुस्थानही नको, पाकिस्तानही नको, इथेच राहायचे आहे म्हणतो; कोणी स्वतःला जिना समजतो, कोणी मास्टर तारासिंग. आपण हसतो, आणि हसता हसता शेवटच्या परिच्छेदाशी येऊन गप्प होतो. मंटोचा आघात त्या हसण्यातून येतो. मलानी यांच्या दालनात हसू नाही. तिथे पहिल्यापासून शोक आहे, भय आहे. मंटोने वेड्यांच्या तोंडून शहाण्यांची जी टर उडवली, ती दृश्यात उतरलेली नाही. बिशनसिंगच्या जागी दोन स्त्रिया आल्यामुळे फाळणीचा भार कोणाच्या अंगावर पडला ते स्पष्ट झाले, हे खरे. पण पंधरा वर्षे जमिनीला पाठ न टेकलेल्या त्या म्हाताऱ्याचे हट्टी, हास्यास्पद आणि उदात्त उभे राहणे मात्र निसटले. ही उणीव म्हणून नोंदवावी की दुसऱ्या माध्यमाने केलेली निवड म्हणून? मी दोन्ही म्हणेन. हे काम वाचून घरी जाणाऱ्याने मंटो पुन्हा उघडावा, म्हणजे दोघांनाही न्याय मिळेल.

दिवाणखान्यातली भिंत

२००२च्या गुजरातनंतर मलानी यांनी दोन महत्त्वाची कामे केली. पहिले 'युनिटी इन डायव्हर्सिटी', २००३. 'विविधतेत एकता' हे आपण शाळेच्या पुस्तकात घोकलेले वाक्य. राजा रविवर्मा यांचे अकरा वादक स्त्रियांचे एक प्रसिद्ध चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. निरनिराळ्या प्रांतांच्या, निरनिराळ्या पेहरावांतल्या स्त्रिया एकत्र बसून वाद्ये वाजवताहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कल्पिलेले हे भारताचे गोड रूप. मलानी यांनी मध्यमवर्गीय दिवाणखान्यासारखी लाल भिंतींची खोली केली, सोनेरी चौकट लावली आणि चौकटीत हे चित्र हलते केले. स्त्रिया वाजवताहेत; मग गोळीबाराचे आवाज येतात; संगीत तुटते; रक्त दिसू लागते.

या कामातली बोचरी गोष्ट म्हणजे तो दिवाणखाना. दंगल रस्त्यावर होते आणि आपण ती घरात बसून बघतो, अशी आपली समजूत. २००२ची दृश्ये देशाने दिवाणखान्यात बसूनच पाहिली. रविवर्म्याच्या तसबिरी, तिची नक्कल असलेली कॅलेंडरे, आपल्या घरांच्या भिंतींवरची ही सारी सौम्य चित्रे; हिंसा बाहेरून येऊन त्यांच्यावर आदळत नाही, ती चौकटीच्या आतच कुठेतरी होती, असे मलानी सुचवतात. चित्रात कोणाला बसवले, कोणाला कडेला ठेवले आणि कोणाला घेतलेच नाही, हे प्रश्न मग आपोआप उभे राहतात.

दुसरे काम 'मदर इंडिया', २००५. व्हेनिसच्या बिनालेच्या वेळी दाखवले गेलेले, पाच पडद्यांवरचे, जेमतेम पाच-सहा मिनिटांचे. त्याची प्रेरणा समाजशास्त्रज्ञ वीणा दास यांच्या एका निबंधाची. फाळणीत पळवून नेलेल्या स्त्रियांची संख्या सुमारे ७५,००० होती, असा अंदाज सामान्यतः दिला जातो. दोन्ही देशांनी या स्त्रिया 'परत मिळवण्या'चा करार केला, भारताने १९४९ मध्ये कायदाही केला. परत यायचे की नाही, हे त्या स्त्रीला विचारण्याची सोय त्या कायद्यात जवळपास नव्हती. तिचा देश कोणता, हे तिच्या धर्मावरून ठरले. स्त्रीचे शरीर म्हणजे राष्ट्राची अब्रू, हा हिशेब दोन्ही बाजूंनी सारखाच मांडला. वीणा दास यांनी त्या निबंधात मंटोच्या 'खोल दो'चा विचार केला आहे. म्हणजे मंटो पुन्हा एकदा, वेगळ्या दाराने, मलानी यांच्या कामात येतो. १९४७ आणि २००२ या दोन वर्षांना जोडणारी रेषा त्या पाच पडद्यांवर आहे: माता म्हणून जिची पूजा करायची, तिच्याच नावाने दुसऱ्याच्या लेकीवर हात टाकायचा.

उलटे चित्र, फिरता पत्रा

मलानी यांच्या तंत्राविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यांचा विचार तंत्रापासून वेगळा काढता येत नाही. काचेच्या किंवा पारदर्शक पत्र्याच्या मागच्या बाजूने चित्र काढायचे आणि पुढून पाहायचे, ही आपल्याकडची जुनी बाजारी कला. मलानी यांना ती चित्रकार भूपेन खख्खर यांच्याकडून मिळाली. या रीतीत सगळे उलटे असते. डोळ्याची बाहुली आधी, चेहरा नंतर, मागचे आकाश शेवटी. पहिला फटकारा कायम वर राहतो. त्याच्यावर दुसरा रंग देऊन तो झाकता येत नाही.

असे चित्रित केलेले पत्रे नळकांड्यासारखे वळवून त्यांनी छताला टांगले, ते संथ फिरू लागले, त्यांच्यातून प्रकाश सोडला आणि भिंतींवर मोठमोठ्या सावल्या चालू लागल्या. १९९८च्या 'द सेक्रेड अँड द प्रोफेन'पासून 'ट्रान्सग्रेशन्स', 'गेमपीसेस' अशी ही छायानाट्ये होत गेली. मराठी माणसाला यात अनोळखी असे काही वाटू नये. कल्याणच्या पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याने पडद्यावर पाडली, त्या शांबरिक खरोलिकेची ही दूरची नात. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्याही आठवतात.

पण एक मोठा फरक आहे. पिंगुळीच्या खेळात दिवा आणि बाहुली पडद्याच्या एका बाजूला असते, प्रेक्षक दुसऱ्या बाजूला. मलानी यांच्या दालनात प्रेक्षक दिवा आणि भिंत यांच्या मध्ये येतो. भिंतीवर धावणाऱ्या, पडणाऱ्या, एकमेकांना गिळणाऱ्या आकृत्यांमध्ये त्याची स्वतःची सावली जाऊन मिसळते. क्षणभर त्याला कळत नाही की आपण मारणाऱ्यांत आहोत की मरणाऱ्यांत, की नुसते बाजूला उभे आहोत. दंगल पाहिलेल्या शहरात हा प्रश्न कलेपुरता राहत नाही. गल्लीच्या तोंडाशी घोळका जमला होता तेव्हा आपण खिडकी लावून घेतली की दार उघडले? मुंबईत ज्यांनी शेजाऱ्याला घरात लपवले, त्यांच्या गोष्टी आहेत. ज्यांनी खिडकी लावली, त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही. मलानी यांच्या भिंतीवर त्यांची सावली मात्र पडते.

'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड' हे या वाटेवरचे सर्वांत गाजलेले काम. जर्मनीतल्या कासेल शहरात २०१२च्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात ते मांडले गेले. पाच फिरती नळकांडी, सहा पडद्यांवरची चित्रफीत, अकरा मिनिटांचा खेळ. नाव फैज यांच्या 'लहू का सुराग' या कवितेच्या आगा शाहिद अली यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादावरून. सांडलेल्या रक्ताचा कुठे मागमूसही उरत नाही, त्याची कोणी दादफिर्याद घेत नाही, हा त्या कवितेचा विषय. कवितेच्या जोडीला क्रिस्टा वोल्फ यांची कसांड्रा आहे, जिचे भविष्य खरे असते पण कोणी ऐकत नाही. आणि महाश्वेतादेवींची द्रौपदी आहे, जी अत्याचारानंतर वस्त्र नाकारून सेनापतीसमोर उभी राहते. पुसलेली भिंत, उत्तर न मिळालेली हाक, दडवलेले रक्त: १९९२ साली सुरू झालेला प्रश्न वीस वर्षांनी फैज यांच्या शब्दांत त्यांना पुन्हा सापडला.

काही आक्षेप

एवढे म्हटल्यावर आक्षेपही स्पष्ट मांडले पाहिजेत. पहिला, संदर्भांच्या गर्दीचा. सीता, मिडिया, कसांड्रा, ॲलिस, द्रौपदी, म्युलर, ब्रेख्त, फैज; एका दालनात इतके जण येतात की, ज्याने ही पुस्तके वाचलेली नाहीत तो बिचकतो. 'टोबा टेक सिंग'मध्ये साडीची एक घडी जे सांगून जाते, ते पुढच्या काही कामांत दहा उद्धृतांनाही साधत नाही. दुसरा आक्षेप सौंदर्याचा. सावल्या फार देखण्या आहेत. भिंतीवर फिरणारे रंग पाहताना माणूस मोहून जातो आणि विषय विसरू शकतो. मलानी यांना ही अडचण ठाऊक असावी. आवाज आणि शब्द त्या मध्येच आदळवतात ते बहुधा त्यासाठीच. पण ही अडचण पूर्ण सुटलेली नाही.

तिसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मलानी यांच्या कामात मुसलमान स्त्री येते ती बहुधा फाळणीतली, दंगलीतली, जखमी, पळवलेली. तिचे रोजचे जगणे, तिची शाळा, तिची नोकरी, तिचे घरातले भांडण आणि हसणे तिथे येत नाही. इथे रूमाना हुसेन यांची आठवण होते. १९५२ साली जन्मलेल्या आणि १९९९ मध्ये कर्करोगाने अकाली गेलेल्या या कलावंत स्त्रीने १९९२नंतर फुटलेली मडकी, आरसे, गेरू आणि स्वतःचे शरीर हेच साहित्य केले. मुसलमान स्त्री म्हणून आपल्याकडे कसे पाहिले जाते, हे त्यांनी आतून विचारले. तिला दया दाखवणाऱ्यालाही त्यांनी सोडले नाही. मलानी शेजारच्या घरातून हाक मारतात, रूमाना घराच्या आतून ओ देतात. दोन्ही आवाज हवेत. शेजाऱ्याची हाक कमी प्रतीची नव्हे. पण ती आतल्या आवाजाची जागा घेऊ शकत नाही, एवढे भान समीक्षेने ठेवले पाहिजे.

चौथी गोष्ट आक्षेप नव्हे, खंत आहे. ही कामे पाहायची तर कुठे? पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात २०१७ मध्ये त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. २०१३ मध्ये फुकुओका, २०१९ मध्ये जोन मिरो आणि २०२३ मध्ये कला व तत्त्वज्ञान विभागातला क्योटो पुरस्कार त्यांना मिळाला. दिल्लीत २०१४ मध्ये किरण नाडर संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन केले. पण सोलापूरच्या, मालेगावच्या, मिरजेच्या वाचकाला हे काम छायाचित्रातच भेटते, आणि छायाचित्रात त्याची सावली पडत नाही. १९९९ मध्ये म्युझियमच्या दालनात शाळेतल्या पोरांना जे सहज मिळाले, ते आज मिळवायला विमानाचे तिकीट काढावे लागावे, यात कलावंताचा दोष कमी आणि आपल्या सार्वजनिक संस्थांच्या अनास्थेचा अधिक आहे.

हाक आणि कान

वयाच्या सत्तरीनंतर मलानी आयपॅडवर बोटाने चित्रे काढू लागल्या, ती हलती करू लागल्या. अशा ८८ चित्रफितींचे 'कॅन यू हिअर मी?' हे दालन २०२० मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत उभे राहिले. भिंतींवर एकाच वेळी अनेक रेघोट्या धावतात, पुसल्या जातात, शब्द उमटतात आणि विरतात. नावामागे जानेवारी २०१८ मध्ये जम्मूतल्या कठुआजवळ मारल्या गेलेल्या आठ वर्षांच्या बकरवाल मुलीची आठवण आहे. ऐकू येते का, असा तो प्रश्न आहे. आणि तो त्या मुलीने आपल्याला विचारलेला आहे.

पन्नास वर्षांत साधने बदलली. फिल्मचा कॅमेरा गेला, व्हिडिओ आला, पत्रे फिरले, आता बोट आणि काच उरली. प्रश्न तोच राहिला. रक्त सांडले तेव्हा पाहणारे कोण होते, आणि ते पुसले गेले तेव्हा ते काय करीत होते? फाळणीवरची, दंगलींवरची पुष्कळशी कला आपल्याला रडवते आणि मोकळे करून घरी पाठवते. मलानी यांची चांगली कामे मोकळे करीत नाहीत. संदर्भांची गर्दी आणि रंगांची मोहिनी वजा केली तरी त्यांच्या पदरी हे श्रेय राहतेच. आपल्या कथा-कवितांनीही त्यांच्याकडून एवढे घ्यायला हरकत नाही: पीडिताचे चित्र काढताना भिंतीवर पाहणाऱ्याची सावली पडेल, इतका दिवा मागे ठेवावा.